उत्तरेची खोली

दादाने सॉफ्टवेअरची स्तुती सुरू केली तेव्हाच आत्याला कळलं, आज आपल्या पदरात काहीतरी नकोसं पडणार आहे. दादा एरवी कशाचीच स्तुती करत नसे. वहिनीच्या हातच्या चहाला तो तीस वर्षं “चालेल” म्हणत आला होता, आणि पोटची मुलगी आर्किटेक्ट झाली त्या दिवशी त्याने “बरं झालं” एवढ्यावर भागवलं होतं. आज मात्र तो आल्यापासून त्याच मुलीच्या लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसला होता, आणि लॅपटॉप अजून उघडलाही नव्हता तरी त्याच्याकडे कौतुकाने बघत होता.

“माणूस पक्षपात करतो,” तो म्हणाला. “याला ना भाऊ, ना बहीण.”

“सुखी आहे,” आत्या म्हणाली.

बैठक उत्तरेच्या खोलीत भरली होती. रस्त्याकडची ही पुढची खोली. फाटकातून आलं की माणूस थेट इथेच. घरातलं महत्त्वाचं सगळं इथेच ठरत आलं होतं आणि आता घर पाडायचं कसं हेही इथेच ठरत होतं. घराला काही झालं नव्हतं, चांगलं धडधाकट होतं. पण वडील, म्हणजे अप्पा, गेल्यावर ते तिघा भावंडांचं झालं आणि तिघांचं झाल्यावर कुणाचंच राहिलं नाही. तेव्हा ते पाडून त्याच जागेवर, रस्त्याला धरून, तीन घरं ओळीने बांधायची. दादाला एक, आत्याला एक, धाकट्या वकिलाला एक. इथपर्यंत गेल्या वर्षी एकमत झालं होतं. त्यानंतरचं वर्ष कुणाला कोणतं यात गेलं.

एक नंबर दोन्ही भावांना हवं होतं. ते कोपऱ्यावरचं आणि फाटकाच्या लगत. गेल्या महिन्यात याच खोलीत दोघांची अशी जुंपली की वकिलाने दादाला नोटीस धाडायची धमकी दिली आणि दादाने त्याला लहानपणी सायकल शिकवल्याचं बाहेर काढलं. एक नंबर आत्यालाही हवं होतं. साठच्या साठ वर्षं ती घराच्या त्याच टोकाला राहिली होती. छापखान्यातली नोकरी संपल्यावरही मुद्रितं तपासायचं काम ती घरी करत असे. तिचं टेबल त्या टोकाच्या खिडकीपाशी होतं आणि खिडकीबाहेर बदामाचं झाड. तिने हे एकदा सांगूनही पाहिलं होतं. “तुझं बघू,” दादा म्हणाला होता.

“तुझं बघू” हे दादाचं जुनं वाक्य होतं. आत्याने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

शेवटी तोडगा निघाला तो चिंगीच्या लॅपटॉपचा. चिंगी ही दादाची मुलगी. वय अठ्ठावीस, कामावरचे गवंडी तिला मॅडम म्हणत आणि घरचे चिंगी. नोकरी सोडून स्वतःच्या नावावर घेतलेलं हे तिचं पहिलंच काम, आणि नकाशे उद्या सकाळी पालिकेत द्यायचे होते. तीन आठवडे ती बापाला टेपचं दुसरं टोक धरायला लावून जागा मोजत होती आणि मोजलेलं सगळं सॉफ्टवेअरला भरवत होती. कोणत्या भिंतीवर किती तास ऊन, वारा कुठून शिरतो, कोणती खोली कोणत्या महिन्यात किती तापेल, हे ते रंगांत दाखवी. तापणारं लाल, गार ते निळं, अधलंमधलं पिवळं. रंग सांगतील ते दोन्ही भावांनी मान्य करायचं ठरलं होतं. आत्याला काय मान्य आहे ते विचारायचं राहून गेलं होतं.

“पडदा ओढा जरा, स्क्रीनवर काही दिसत नाही,” वकील म्हणाला. वहिनीने पुढच्या खिडकीचा जाड पडदा ओढून घेतला. पावणेचार वाजले होते.

“ही आपली उत्तर,” चिंगी स्क्रीनवरच्या रस्त्याकडे बोट करत म्हणाली. “उत्तरेला ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. म्हणून तिन्ही घरांना पुढच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच दिलीय.”

“वा!” दादा म्हणाला. वहिनीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

“बदामाचं झाड काढतोय. उत्तरेला सावलीचा काही उपयोग नाही, तिथे गाड्या राहतील. आता रंग बघा. हे तीन नंबर, उजव्या टोकाचं. पूर्वेची भिंत मोकळी, सकाळचं कोवळं ऊन. निळं. हे मधलं दोन नंबर. दोन्हीकडून शेजार, म्हणून पिवळं.” ती जरा थांबली. “आणि हे एक नंबर. पश्चिमेची अख्खी भिंत उघडी पडतेय. दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन तिच्यावरच.”

एक नंबर लालभडक होतं.

गेल्या महिन्यात याच घरासाठी एकमेकांच्या उरावर बसलेले दोघे भाऊ आता पंखा, चपला, भिंतीवरचं कॅलेंडर, असं मिळेल ते बघत होते.

“तसं बघितलं तर,” वकिलाने घसा साफ केला, “ताईला आधीपासून एक नंबरच हवं होतं.”

“तेच म्हणतोय मी,” दादा म्हणाला. तो तसं काहीच म्हणाला नव्हता. “तिचं अख्खं आयुष्य त्या कोपऱ्यात गेलं. आपण मध्ये कडमडायचं म्हणजे बरं नाही दिसत.”

“मी माझं मन मोठं करतो.”

“तू कशाला? मी थोरला आहे. मी करतो.”

“दादा, माझंही करू दे की थोडं.”

“पण बाबा, तिथे खरंच तापेल हो,” चिंगी म्हणाली. “तुम्ही निदान बाहेर तरी जाता. आत्या दिवसभर घरात असते.”

“तिला सवय आहे. शुद्धलेखनबाईंना पुस्तकात डोकं घातलं की ऊन काय नि पाऊस काय!”

आत्याला आयुष्यभराचं हे नाव दादानेच दिलेलं होतं. तिने ते ऐकून सोडून दिलं. पण चिंगीच्या त्या एका वाक्याने तिला एकदम भरून आलं. एवढ्या माणसांत आपण दिवसभर घरात असतो हे फक्त या पोरीच्या ध्यानात होतं. बाकीच्यांकडून तिला दोन मोठी मनं मिळत होती आणि लाल भिंत.

“आत्या, थांब, सूर्य कसा फिरतो ते दाखवते. भिंत जाड करून बघता येईल,” चिंगीने कुठलंसं बटण दाबलं.

स्क्रीनवर एक पिवळा गोळा उगवला. उजवीकडच्या दवाखान्याच्या गच्चीआडून तो वर आला, तिन्ही घरांच्या मागच्या अंगाने वळसा घेत डावीकडे गेला आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे मावळला. सावल्या शहाण्यासारख्या त्याच्या मागेमागे सरकल्या.

आत्याने चष्मा लावला.

“परत लाव.”

चिंगीने परत लावला. गोळा पुन्हा दवाखान्यावरून उगवला.

“बघा, रस घेतेय,” दादा खूश होऊन वकिलाला म्हणाला.

आत्याने तो तिसऱ्यांदा लावायला सांगितला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेल्या माणसाचे डोळे सहज फसत नाहीत. मागच्या अंगणातल्या दोरीवर रोज सकाळी ती धुणं वाळत घाली आणि सूर्य रोज तिच्या तोंडासमोर, मागच्या कुंपणावरून उगवे. दवाखान्यावर त्याने आजवर एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. पूर्व मागे, म्हणजे पुढचा रस्ता पश्चिमेला. उत्तरेची खोली ही पश्चिमेची खोली होती, आणि पोरीने अख्खा नकाशा एका दिशेने फिरवून ठेवला होता.

“चिंगे, ही उत्तर तुला कुणी सांगितली?”

“बाबांनी. मी विचारलं, उत्तर कुठली, तर म्हणाले, ही काय, उत्तरेची खोली. आणि मला माहीतच होतं की. लहानपणापासून म्हणतोच ना आपण.”

दादा तीस वर्षं दुसऱ्या गावी राहून सुट्टीला येत असे आणि नऊच्या आत उठत नसे. वकील दहाच्या. चिंगी त्या दोघांच्याही वर होती. या घरात सूर्य कुठून उगवतो हे ठाऊक असायला जी किमान पात्रता लागते ती एकट्या आत्याकडे होती, कारण धुणं एकटी तीच वाळत घालत होती.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

न बोलून चालणार नव्हतंच. उद्या हे नकाशे पालिकेत गेले तर पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच लावून तीन भट्ट्या उभ्या राहणार होत्या. दोघे भाऊ भाजून निघाले असते, त्याचं तिला आता या घडीला फारसं वाईट वाटत नव्हतं. पण पोरीचं पहिलं काम होतं आणि गावभर हसं तिचं झालं असतं. बोलायलाच हवं होतं. फक्त आत्ता बोललं तर रंग बदलणार, रंग बदलले की मनं पुन्हा आखडणार, आणि आपण पुन्हा “तुझं बघू”वर येणार, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. कारण फाटकाजवळचं ते बदामाचं झाड पश्चिमेला होतं, आणि त्याची सावली फक्त एक नंबरवर पडणार होती.

“घेते मी एक नंबर,” ती म्हणाली. “पण लिहून द्या.”

“आपल्यात लिहायचं?” दादा दुखावला. “भावाबहिणीत?”

“याला ना भाऊ ना बहीण, तूच म्हणालास ना आत्ता.”

वकिलाला मात्र लिहायचं म्हटल्यावर स्फुरण चढलं. कोर्टात त्याच्या मसुद्यांना फारसं यश येत नसे, त्यामुळे घरात संधी मिळाली की तो ती सोडत नसे. त्याने लिहिलं की एक नंबरचं घर बहिणीला देण्यात येत असून दोघेही भाऊ हे स्वखुशीने, पूर्ण विचारांती करत आहेत.

“झाड माझ्या हद्दीत येतं. तेही घाल. झाड तोडायचं नाही.”

“ताई, त्या झाडाची सावली उत्तरेला पडून—”

“म्हातारीचा हट्ट समज.”

“घे बाई झाड!” दादाने हात उडवला. आज त्याच्या औदार्याला भरती आली होती. “पानंसुद्धा घे!”

“आणि नंतर कुणाचीही, कसलीही तक्रार चालणार नाही.”

“ते दोन्हीकडून लागू,” वकील घाईघाईने म्हणाला. उन्हाळ्यात बहीण आपल्या दारात येऊन रडेल, हे त्याला आत्ताच दिसत होतं.

“दोन्हीकडून,” आत्याने मान्य केलं. तिने कागद वाचला, सवयीने दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि सही केली. दादाने केली, वकिलाने केली. साक्षीदार म्हणून वहिनीची घेतली. वहिनीने सही करताना आत्याकडे निरखून पाहिलं.

कागदाची घडी घालून आत्याने ती चष्म्याच्या डबीत ठेवली. मग ती उठली, पुढच्या खिडकीशी गेली आणि पडदा सर्रकन बाजूला सारला.

साडेचारचं ऊन आडवं आत आलं आणि थेट दादाच्या तोंडावर पडलं.

“अगं, काय करतेस!” दादाने डोळ्यांवर हात धरला.

“चिंगे, ही कुठली दिशा?”

“उत्तर…” चिंगी म्हणाली.

“मग हा कोण आला?”

चिंगीने उन्हाकडे पाहिलं. जमिनीवरच्या खिडकीच्या लांब सावलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग सॉफ्टवेअरला दाखवता आला नसता. तिने फोन काढून त्यातलं होकायंत्र लावलं आणि बघतच राहिली. वकिलानेही स्वतःचा फोन काढून पाहिला. दादाने फोनकडे न बघताच तो बिघडलाय म्हणून सांगितलं.

“दोन बिघडले?” वहिनीने विचारलं.

चिंगी लॅपटॉपपाशी बसली. आकडा एकच बदलायचा होता. यंत्राने दहा मिनिटं घेतली. त्या दहा मिनिटांत चिंगीने बापाकडे एकदाही पाहिलं नाही. मग रंग आले. तिन्ही घरांच्या काचेच्या दर्शनी भिंती लालबुंद झाल्या होत्या. दोन नंबर लाल, तीन नंबरचा पुढचा भाग लाल आणि कडेची भिंत काळपट निळी, कारण खरी उत्तर तिकडे होती आणि त्या भिंतीवर वर्षभरात ऊन जवळजवळ पडतच नव्हतं. झाड परत ठेवल्यावर एक नंबर तेवढं गार दिसत होतं.

“फसवणूक आहे ही,” वकील उठून उभा राहिला. “चुकीच्या माहितीवर घेतलेली सही कायद्याने—”

“चुकीची माहिती दिली कुणी?” आत्याने विचारलं.

वकिलाने दादाकडे पाहिलं. गेला तासभर टिकलेली भावाभावांची युती तिथेच संपली. “तुला उत्तर कुठली हेही माहीत नाही?” तो दादावर घसरला, आणि दादाने, सायकल कुणी शिकवली ते विसरू नको, असं पुन्हा ऐकवलं.

“पण मग हिला उत्तरेची खोली का म्हणतात?” वहिनी मध्येच म्हणाली. “मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, वन्सं.”

“उत्तरेची नाही, वहिनी. उत्तराची. काना गेला आणि त्याच्या जागी मात्रा आली.”

अप्पा हेडमास्तर होते. शाळेत प्रवेश, शिफारस, कुणाचं भांडण, कुणाची सोयरीक, लोक विचारायला घरी येत आणि अप्पा त्यांना चारनंतर या खोलीत बोलावून उत्तर देत. स्वतः खिडकीकडे पाठ करून बसत. पाहुण्याची खुर्ची समोर, जिथे आत्ता दादा बसला होता, तिथे. ऊन बरोबर डोळ्यांत. समोरच्याचे डोळे मिटलेले असले की नाही म्हणायला सोपं जातं, हे अप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण पडदाही कधी ओढला नाही. ते गेल्यावर उत्तरं संपली आणि खोली नुसतीच उरली. मग दादाची पत्रं यायची, “उत्तरेची खोली रंगवून घ्या.” आत्याने एक-दोनदा मात्रा खोडून काना लिहून पाठवला होता. दादाला वाटलं, शुद्धलेखनबाईंचा नेहमीचा चावटपणा.

“त्या खुर्चीत एकदा मोजणीखात्यातला एक माणूस बसला होता,” आत्या म्हणाली. ती हे वहिनीला सांगत होती, पण दादाने मान खाली घातली. “माझ्यासाठी विचारायला आला होता. मी चहा घेऊन आले. डोळ्यांवर हात धरून मला म्हणाला, उत्तरेची खोली म्हणतात ना हिला, मग ऊन कुठून? म्हटलं, उत्तराची, काना आहे, मात्रा नाही. तो हसला. मीही हसले. ट्रे हातात होता आणि मी मोठ्याने हसले.”

“मग?”

“मग काय! परक्या माणसासमोर खिदळणारी मुलगी. अप्पांनी त्याला दहा मिनिटांत उत्तर दिलं. मला दादाने आत येऊन सांगितलं. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझं बघू.”

वकील खाली बसला. त्याला हे ठाऊकच नव्हतं, तो तेव्हा शाळेत होता.

“आत्या,” चिंगी म्हणाली, “तुला गोळा बघितल्या बघितल्या कळलं होतं. चाळीस मिनिटं तू गप्प बसलीस?”

“चाळीस मिनिटं नाही गं,” आत्या म्हणाली. “चौतीस वर्षं.”

चिंगीने खालचा ओठ दाताखाली धरला. मग तिने नाक पुसलं आणि लॅपटॉप पुढे ओढला. उद्याचं पालिकेचं रद्द, तिने कुणालाही न विचारता सांगून टाकलं. पुढची काच काढायची, मोठ्या खिडक्या मागे पूर्वेला न्यायच्या, तीन नंबरला सकाळचं ऊन मागून घ्यायचं. ती बोलत होती ते बहुतेक स्वतःशीच, पण आवाज आता मॅडमचा होता.

दादा अजून त्याच खुर्चीत होता. उठायचं त्याला सुचलं नव्हतं. आत्या अप्पांच्या खुर्चीवर बसली होती, कारण खोलीत तेवढी एकच रिकामी होती. खिडकी तिच्या पाठीशी आली.

“हे बघ,” दादा कपाळावर हात धरून म्हणाला. ऊन आणखी खाली आलं होतं आणि त्याचे डोळे बारीक झाले होते. “झालं गेलं ते… मी तेव्हा लहानच होतो तसा. पण आत्ताचं बोलतोय. तू एकटी. आम्ही दोघं. आमच्याकडे तीन नंबर आलं तर ओल धरणार, आणि हिचे गुडघे—”

“माझे गुडघे मध्ये आणू नका,” वहिनी म्हणाली. “इतकी वर्षं ते तुम्हाला दिसले नाहीत, आजच कसे दिसले? साक्षीदार म्हणून सही केलीय मी. वन्संना कागद दिलाय तो दिलाय.”

दादाने बायकोकडे बघायचा प्रयत्न केला, पण उन्हात त्याला ती नीट दिसली नाही. तो पुन्हा बहिणीकडे वळला. त्याचा आवाज खाली आला होता आणि त्यात पहिल्यांदाच विनंती होती.

“बदलून घेतेस का? लगेच नको सांगू. विचार करून उत्तर दे.”

खोलीतली सगळी माणसं आत्याकडे बघत होती. या खुर्चीतून खोली किती वेगळी दिसते, हे तिला माहीत नव्हतं. समोरचा माणूस अगदी स्पष्ट दिसत होता. त्याची सुरकुतलेली मान, पाणावलेले डोळे, सगळं. त्याला मात्र तिचा चेहरा दिसत नव्हता. तिला त्याची दया आली, चांगली खरीखुरी दया आली, आणि तरीही उत्तर काय आहे ते तिला ठाऊक होतं.

“नाही,” ती म्हणाली.

मग ती उठली आणि तिने पडदा ओढून घेतला.

“आता उघड डोळे,” ती दादाला म्हणाली. “आणि चहा आज तू ठेव.”